व्याज नाहीं, मुद्दलहि नाहीं

दान आणि बाजार या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर असाव्यात, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. देवळाच्या पेटींत पैसा टाकणारा त्याची पावती मागत नाहीं आणि पेठेंत पैसा मोजणारा पावतीवांचून घरीं जात नाहीं. दात्यानें हिशेब विचारला तर त्याच्या दानाला उणेपणा येतो असें लोक म्हणतात; गिऱ्हाइकानें तो विचारला नाहीं तर त्याच्या शहाणपणाला उणेपणा येतो. अशा स्थितींत, दान करावयाचें तें बाजारांत जाऊन करावयाचें आणि त्याचा हिशेब मात्र व्यापाऱ्यासारखा चोख मागावयाचा, अशी एक नवी व्यवस्था गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशांत उभी राहिली आहे. तिचें इंग्रजी नांव 'सोशल स्टॉक एक्स्चेंज'; मराठींत तिला सामाजिक शेअर-बाजार म्हणतां येईल. हा बाजार मुंबईंत भरतो. परंतु त्याची खरी कसोटी मुंबईंत न लागतां सिहोऱ्यासारख्या गांवीं लागणार आहे, आणि म्हणून त्याचें स्वरूप खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांनींहि समजून घेणें अगत्याचें आहे.

सिहोरा हें भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतलें, वैनगंगा व बावनथडी या नद्यांच्या टापूंतलें गांव. मुलूख धानाचा. जवळच चांदपूरचा जलाशय आहे, आणि तालुक्याचें ठिकाण तुमसर ही तांदळाची पेठ आहे. येथील शेतकऱ्याचें वर्षाचें गणित दोनच आंकड्यांवर बसतें : पाणी किती आणि भाव किती. शेअर-बाजार हा शब्द त्यानें बातम्यांत ऐकलेला असतो. पण त्याचा आपल्या मातीशीं कांहीं संबंध असेल असें त्याला वाटत नाहीं. वास्तविक हा संबंध जुनाच आहे. याच तुमसर तालुक्यांत चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथें मँगेनीजच्या खाणी आहेत. त्या 'मॉइल' या सरकारी कंपनीच्या ताब्यांत असून २०१० सालच्या डिसेंबरांत या कंपनीचे शेअर मुंबईच्या बाजारांत दाखल झाले. तेव्हांपासून तुमसरच्या जमिनीच्या पोटांतील खनिजाचा भाव देशांतला कोणीहि मनुष्य रोज सकाळीं पाहूं शकतो आणि त्या धंद्याचा अंशतः भागीदार होऊं शकतो.

आतां त्याच जमिनीच्या पाठीवर असलेल्या तलावाचा विचार करावा. तलाव गाळानें भरला, पाळ फुटली, सांडवा ढांसळला. तो दुरुस्त करण्यास पैसा हवा आहे. मँगेनीजच्या खाणीला जसे भागीदार मिळाले तसे या कामास मिळतील काय? आजवरचें उत्तर 'नाहीं' असें होतें. खाणींतून निघालेला नफा कंपनीच्या पेटींत गोळा होतो आणि तेथून भागीदारांस वांटतां येतो. तलाव दुरुस्त झाल्यानें होणारा लाभ कोणाच्याहि एका पेटींत गोळा होत नाहीं. कोणाच्या बांधींतलें धान चार पोतीं अधिक येतें, कोणा ढीवराच्या जाळ्यांत मासळी अधिक येते, कोणाच्या विहिरीचें पाणी उन्हाळाभर टिकतें, आणि कोणाच्या घरची बाई मैलभर चालण्यांतून सुटते. लाभ खरा आहे, मोठाहि आहे. परंतु तो वेंचून, बांधून, त्याचा लाभांश करून मुंबईच्या गृहस्थास पाठवितां येत नाहीं. सामाजिक शेअर-बाजाराचा सारा प्रश्न येथें सुरू होतो.

तत्पूर्वीं साध्या शेअर-बाजाराचें काम काय, तें पाहणें बरें. मुंबईंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कांहीं दलाल टाउन हॉलजवळ वडाच्या झाडांखालीं जमून कंपन्यांच्या भागांची देवघेव करीत. अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, पैशाचा पूर लोटला आणि वाटेल त्या कंपनीचे भाग वाटेल त्या किमतीस विकले गेले. १८६५ सालीं ती यादवी संपतांच हा सारा डोलारा कोसळला आणि अनेक घरें बसलीं. त्यानंतर १८७५ सालीं दलालांनीं आपली रीतसर संस्था स्थापिली. तोच आजचा मुंबई शेअर-बाजार. या इतिहासांतून एक धडा निघतो. बाजाराचें खरें काम केवळ भाव ठरविण्याचें नसतें. एका अनोळखी माणसाचा पैसा दुसऱ्या अनोळखी माणसाच्या उद्योगास मिळावा, आणि त्या दोघांमध्यें ओळखीच्या ऐवजीं उघड्या हिशेबानें विश्वास निर्माण व्हावा, हें त्याचें मुख्य काम आहे. जेथें उघडा हिशेब नव्हता तेथें १८६५ सालचा अनर्थ झाला.

लोकोपयोगी कामास आजपर्यंत पैसा येत आला तो बहुधा ओळखीनेंच. सरकारी अनुदान असो, एखाद्या उदार गृहस्थाची देणगी असो, किंवा मोठ्या कंपन्यांचा निधि असो, तेथवर पोंचण्यास कोणाचा तरी हात धरावा लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांस आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान शेंकडा दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचें बंधन घातलें. हा निधि थोडा नाहीं. परंतु कंपनीची कचेरी जेथें आहे, कारखाना जेथें आहे, किंवा जेथील संस्था इंग्रजींत सुबक अर्ज लिहूं शकते, तेथें तो आधीं जातो. दूरच्या तालुक्यांतली प्रामाणिक संस्था काम चांगलें करीत असूनहि अंधारांत राहते, आणि शहरांतली एखादी संस्था काम बेताचें करूनहि उजेडांत येते. याला उपाय काय? ज्याप्रमाणें अनोळखी कंपनीस उघड्या हिशेबाच्या जोरावर अनोळखी माणसांचा पैसा मिळतो, त्याप्रमाणें अनोळखी संस्थेसहि मिळावा, ही कल्पना त्यांतून पुढें आली.

महाराष्ट्रास या कल्पनेचें बीज अगदीं नवें वाटूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे यांनीं 'पैसा फंड' चालविला. प्रत्येक माणसानें वर्षाकांठीं निदान एक पैसा द्यावा आणि त्या पैशापैशांतून देशी उद्योगास हात द्यावा, असा तो साधा बेत होता. लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें या फंडाचा कांचकारखाना निघाला. तेथें शिकलेल्या लोकांनीं पुढें कांचेचें काम देशांत इतरत्र नेलें. ज्या हजारों लोकांनीं पैसा दिला त्यांना व्याज मिळावयाचें नव्हतें आणि मुद्दलहि परत यावयाचें नव्हतें. त्यांना मिळाला तो उभा राहिलेला कारखाना आणि शिकलेले कारागीर. याउलट दुसरें उदाहरण प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचें. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटपटीनें व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें १९५० च्या सुमारास तो सुरू झाला. तेथें शेतकऱ्यांनीं भाग घेतले, उंसाला भाव मिळाला, आणि भागाचें मोलहि राहिलें. सामाजिक शेअर-बाजारांत हे दोन्ही मार्ग निरनिराळ्या नांवांनीं आढळतात, हें पुढें दिसून येईल.

परदेशांत हा प्रयोग आपल्या आधीं झाला. ब्राझीलच्या साओ पावलो येथील शेअर-बाजारानें २००३ सालीं प्रथम असा सामाजिक विभाग उघडला. दक्षिण आफ्रिकेंत २००६ सालीं तसाच प्रयत्न झाला. २०१३ सालीं लंडन येथें व त्याच सुमारास कॅनडांत असे बाजार निघाले. सिंगापूरच्या एका संस्थेनें मॉरिशसच्या शेअर-बाजाराशीं मिळून असेंच पाऊल टाकलें. या सर्वांचा ढांचा एक नव्हता. ब्राझील व दक्षिण आफ्रिका येथें मुख्यतः निवडक कामांची यादी दात्यांपुढें ठेवीत. लंडनचा बाजार नांवाचाच बाजार असून तेथें प्रत्यक्ष देवघेव होत नसे, केवळ सामाजिक हेतूच्या कंपन्यांची पारखून केलेली सूची मिळे. यांतील कांहीं प्रयोग पुढें बंद पडले. दुकान मांडल्यानें गिऱ्हाईक येतेंच असें नाहीं, हें त्यांवरून ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्या देशांत या गोष्टीची घोषणा ५ जुलै २०१९ रोजीं अर्थसंकल्पाच्या भाषणांत झाली. शेअर-बाजारांवर देखरेख करणारी 'सेबी' ही संस्था. तिनें त्याच वर्षीं इशात हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं एक मंडळ नेमिलें व २०२० सालीं हर्षकुमार भानवाला यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरें. भानवाला हे पूर्वीं नाबार्डचे अध्यक्ष होते, ही गोष्ट खेड्यांच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी आहे. या मंडळांच्या अहवालांवरून २०२२ सालच्या जुलैंत नियम प्रसिद्ध झाले. मुंबईचे जे दोन मोठे शेअर-बाजार, म्हणजे 'बीएसई' व 'एनएसई', त्यांतच हा नवा विभाग उघडण्यांत आला. निराळी इमारत वा निराळी संस्था निघाली नाहीं. २०२३ सालच्या डिसेंबरांत बंगळूरच्या उन्नति फाउंडेशन या संस्थेचे रोखे 'एनएसई'च्या सामाजिक विभागांत प्रथम नोंदले गेले. महाविद्यालयांतील तरुणांस नोकरीयोग्य शिक्षण देण्याच्या कामासाठीं त्या संस्थेनें २ कोटि रुपये मागितले होते. तिला सुमारें १ कोटि ८० लाख मिळाले.

या बाजारांत दोन प्रकारच्या संस्था येऊं शकतात. पहिला प्रकार नफ्यावर चालणाऱ्या, परंतु ज्यांचें मुख्य कार्य समाजोपयोगी आहे अशा कंपन्यांचा. त्या आपले शेअर नेहमींच्या रीतीनें विकतात आणि घेणाऱ्यास लाभांशाची आशा असते. हा मार्ग प्रवरानगरच्या मार्गासारखा आहे, म्हणजे भाग घेणारा खराच भागीदार असतो. दुसरा प्रकार ना-नफा संस्थांचा, म्हणजे धर्मादाय न्यास, नोंदलेली सोसायटी, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी यांचा. यांच्यासाठीं एक नवाच रोखा निर्माण करण्यांत आला आहे. त्याचें नांव 'झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल', अर्थात् शून्य व्याज, शून्य मुद्दल. रोखा घेणाऱ्यास व्याज मिळत नाहीं आणि मुदत संपल्यावर मुद्दलहि परत मिळत नाहीं. तो रोखा दुसऱ्यास विकतां येत नाहीं. मालक वारला तर वारसाच्या नांवें होऊं शकतो, एवढेंच. काम पूर्ण झालें किंवा मुदत संपली कीं रोखाहि संपला. हा तळेगांवच्या पैसा फंडाचा मार्ग होय.

श्रोत्यांच्या मनांत येथें शंका येणें साहजिक आहे. व्याज नाहीं, मुद्दल नाहीं, पुन्हां विक्री नाहीं, तर यास रोखा कां म्हणावयाचें आणि बाजार तरी कां म्हणावयाचें? सरळ देणगी द्यावी आणि मोकळें व्हावें! या शंकेचें उत्तर असें कीं, घेणाऱ्यास येथें पैशाच्या बदल्यांत पैसा मिळत नसला तरी एक हक्क मिळतो. तो हक्क हिशेबाचा. देणगीदारानें हिशेब मागितला तर संस्था तो देईल किंवा न देईल. देणें हें तिच्या सौजन्यावर अवलंबून असतें. रोखा विकणाऱ्या संस्थेवर मात्र तें कायद्यानें बंधन आहे. गोळा झालेला पैसा कोणत्या बाबीवर किती खर्च झाला व किती शिल्लक आहे, याचें पत्रक तिला दर तिमाही संपल्यावर ४५ दिवसांच्या आंत द्यावें लागतें. वर्षाच्या अखेरीस त्या पैशानें कोणाचें काय भलें झालें याचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. आणि तो अहवाल संस्थेनें स्वतःच स्वतःची पाठ थोपटून लिहिलेला चालत नाहीं, तर त्यासाठीं परीक्षा दिलेल्या बाहेरच्या परीक्षकाकडून त्याची पडताळणी व्हावी लागते. हें सारें केवळ मोठ्या दात्यासाठीं नसून कोणासहि वाचण्यास खुलें असतें. बाजार हा शब्द येथें उघडेपणाच्या अर्थीं घ्यावयाचा आहे.

हा व्यवहार प्रत्यक्ष कसा घडेल, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, सिहोरा व आसपासच्या गांवांत काम करणारा एक न्यास आहे. त्यास दोन वर्षांत दहा तलावांचा गाळ काढावयाचा, पाळी दुरुस्त करावयाच्या आणि ढीवर कुटुंबांना मत्स्यबीज द्यावयाचें आहे. खर्चाचा अंदाज ६० लाख रुपये. पहिल्या प्रथम हा न्यास आयकर कायद्याखालीं नोंदलेला व निदान तीन वर्षांचा जुना असला पाहिजे. गेल्या वर्षीं त्यानें निदान ५० लाख रुपये खर्च केलेले असावेत आणि निदान १० लाख रुपये बाहेरून मिळविलेले असावेत. त्याच्या कामापैकीं निदान शेंकडा ६७ भाग गरजू लोकांसाठीं व नियमांत सांगितलेल्या विषयांसाठीं असला पाहिजे. उपासमार व दारिद्र्य निवारण, आरोग्य, शिक्षण, उपजीविका, लहान शेतकऱ्यांचें उत्पन्न, पर्यावरण अशा विषयांची ती यादी आहे, व तलावाचें काम तींत बसूं शकतें. राजकीय किंवा धार्मिक संघटनांस व व्यापारी मंडळांस येथें प्रवेश नाहीं.

या अटी पूर्ण झाल्या म्हणजे न्यासानें बाजारांत नांव नोंदवावयाचें आणि एक माहितीपत्रक काढावयाचें. त्यांत काम कोणतें, कोणासाठीं, आज स्थिति काय आहे, दोन वर्षांनीं काय व्हावयाचें आहे, तें मोजणार कसें, आणि अडचणी कोणत्या येऊं शकतील, हें सर्व लिहावें लागतें. मग रोखे विक्रीस खुले होतात. आरंभीं, म्हणजे २०२२ च्या नियमांप्रमाणें, निदान १ कोटि रुपयांचे रोखे काढावे लागत आणि घेणाऱ्यास निदान २ लाख रुपयांचा अर्ज करावा लागे. २०२३ च्या नोव्हेंबरांतील निर्णयानें या मर्यादा अनुक्रमें ५० लाख व १० हजार झाल्या. आणि २०२५ च्या मार्चमध्यें अर्जाची मर्यादा अवघ्या १ हजार रुपयांवर आणली गेली. म्हणजे आपल्या कल्पित न्यासास ६० लाखांसाठीं ६ हजार माणसें प्रत्येकीं हजार रुपये देणारीं मिळालीं तरी काम भागतें. २०२२ सालीं ठरलेल्या नियमाप्रमाणें मागितलेल्या रकमेच्या निदान शेंकडा ७५ टक्के, म्हणजे या उदाहरणांत ४५ लाख रुपये, जमले पाहिजेत. न जमल्यास ज्याचे पैसे त्यास परत जातात. ही अट कडक वाटली तरी शहाणपणाची आहे. तलावाची अर्धी पाळ बांधून काम थांबलें तर पहिल्या मोठ्या पावसांत तीहि वाहून जाते.

अर्जाची मर्यादा दोन लाखांवरून एक हजारावर आली, यांत या व्यवस्थेचा स्वभावच पालटला. दोन लाखांचा अर्ज करणारा तो धनिक. त्याला संस्थेचा हिशेब पाहण्यास कारकून ठेवतां येतो. हजार रुपये देणारा शिक्षक असेल, गांव सोडून पुण्या-नागपुरास नोकरीस गेलेला सिहोऱ्याचा मुलगा असेल, किंवा धान विकून चार पैसे हातीं आलेला शेतकरी असेल. मात्र रोखा हा कागदावर मिळत नसून 'डीमॅट' खात्यांतच जमा होतो, आणि असें खातें खेड्यांतल्या फारच थोड्या लोकांचें असतें. हजार रुपये देण्याची इच्छा आहे, पण तें देण्यासाठीं आधीं खातें उघडावयाचें, ही पायरी लहान दिसली तरी पुष्कळांचे पाय तेथें अडखळतील.

याहून मोठी अडचण संस्थांच्या बाजूनें आहे, आणि ती लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. वर्षाला ५० लाख रुपये खर्च करणारी संस्था म्हणजे खेड्याच्या मानानें मोठीच संस्था. एका गांवचें वाचनालय, एका तलावावरची ढीवरांची मंडळी, बायकांचा बचतगट, यांचा वर्षाचा खर्च लाखांतहि जात नाहीं. शिवाय मच्छीमारांची सहकारी संस्था ही न्यास नव्हे, सोसायटी कायद्याखालील संस्था नव्हे, किंवा कलम ८ ची कंपनीहि नव्हे. तेव्हां ना-नफा संस्था म्हणून तिला येथें उभें राहतां येत नाहीं. म्हणजे ज्यांच्या ओळखी नाहींत त्यांच्यासाठीं हा बाजार निघाला, आणि त्याच्या दारांतून आंत जाण्याइतकी उंची मात्र ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनाच आहे, असा आक्षेप घेतां येईल. हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. अट अगदींच सैल ठेविली तर कालपरवां निघालेली कागदी संस्था आज पैसे गोळा करील आणि उद्यां दिसेनाशी होईल. असा एक जरी प्रकार घडला तरी त्याचा डाग साऱ्या खऱ्या संस्थांवर पडेल. १८६५ सालचें उदाहरण समोर आहेच. मध्यम मार्ग असा कीं, लहान संस्थांनीं एखाद्या अनुभवी न्यासाच्या छायेखालीं एकत्र येऊन दहा गांवांचें मिळून एक काम मांडावें. लहान संस्थांना हिशेब, अहवाल व नियम शिकविण्यासाठीं नाबार्डकडे १०० कोटि रुपयांचा एक निधि ठेवण्याची योजना याच व्यवस्थेंत केलेली आहे. त्याचा लाभ जिल्ह्याच्या ठिकाणाच्याहि पलीकडे पोंचला तरच त्याचें सार्थक झालें असें म्हणावें लागेल.

दुसरी अडचण मोजणीची. काम चांगलें झालें हें आंकड्यांनीं दाखवावें लागतें. पण सर्वच चांगल्या गोष्टी आंकड्यांत सांपडत नाहींत. शाळेच्या तपासणीस आलेला अधिकारी हजेरीपट मोजतो; मुलाला किती समजलें हें हजेरीपटावरून कळत नाहीं. मग शिक्षकहि मुलांना शिकविण्यापेक्षां पटावर मुलें दाखविण्याकडे अधिक लक्ष देऊं लागतो. तलावाच्या बाबतींत तोच धोका आहे. किती हजार घनमीटर गाळ काढला हें मोजणें सोपें. तेव्हां संस्था गाळच काढीत सुटेल आणि माशांची वीण होण्यास लागणारी काठाची उथळ जागा व पाणवनस्पति त्यांतच खरडून टाकील. आंकडा मोठा दिसेल आणि ढीवराचें जाळें रिकामें राहील. म्हणून मोजावयाचें काय, हें मुंबईंत बसून ठरवितां कामा नये. पाण्याखालीं आलेलें क्षेत्र, उन्हाळ्यांत टिकलेलें पाणी, मासळीचें उत्पन्न, आणि तें कोणाच्या घरीं गेलें, या गोष्टी तलावाकांठचा माणूसच सांगूं शकतो. परीक्षक आला तर त्यानें कागदाइतकेंच काठावर बसून ऐकलें पाहिजे.

तिसरी गोष्ट मालकीची. भंडारा-गोंदियाकडील तलाव पुष्कळसे जुन्या काळचे, गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं बांधलेले. पूर्व विदर्भांत त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. मालगुजारी असतांना ज्याला पाणी हवें तो पाळीवर माती टाकण्यास जात असे. १९५१ सालीं मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारजमा झाले. ती पद्धति गेली हें योग्यच झालें, कारण तींत रयतेवर जुलूमहि होता. परंतु तिच्याबरोबर पाळ सांभाळण्याची जबाबदारी आपली आहे ही गांवाची भावनाहि सैल झाली. २०१७ सालीं राज्य सरकारनें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली, तींत गाळ शेतांत नेणाऱ्या शेतकऱ्यानेंहि आपला वांटा उचलावयाचा होता. त्यांत जुन्या रीतीचाच अंश होता. आतां उद्यां बाहेरच्या सहा हजार माणसांचे पैसे येऊन तलाव दुरुस्त झाला, तर गांवकऱ्यांनीं 'तो मुंबईवाल्यांचा' असें म्हणूं नये. पैसा बाहेरून आला तरी ग्रामसभेची संमति, कामाची देखरेख आणि पुढील वर्षांची निगा हीं गांवाकडेच राहिलीं पाहिजेत. तसें न झालें तर रोख्याची मुदत संपतांच तलावाचीहि मुदत संपेल.

यावर कोणी म्हणेल, हें सारें सरकारचें काम आहे. शाळा, तलाव, दवाखाना यांसाठीं लोकांनीं बाजारांत हात कां पसरावा? हें म्हणणें तत्त्वतः बरोबर आहे, आणि सामाजिक शेअर-बाजार निघाला म्हणून सरकारनें आपलें अंग काढून घ्यावें असें कोणीहि म्हणूं नये. ज्या कामाचा लाभ सर्वांना होतो त्याचा मुख्य भार सर्वांच्या तिजोरीवरच असला पाहिजे. रोख्यांतून येणारा पैसा हा त्या मानानें ओंजळभरच राहील. पहिल्या संस्थेस दोन कोटि मागून पावणेदोन कोटींहून थोडे अधिक मिळाले, यावरून त्याचें प्रमाण कळून येतें. त्याचा उपयोग सरकारी कामाची जागा घेण्यास होणार नाहीं. जेथें सरकारी योजना पोंचली नाहीं तेथें कांहीं नवें करून पाहण्यास, आणि तें यशस्वी झाल्यास सरकारपुढें पुराव्यासह ठेवण्यास मात्र त्याचा उपयोग होईल.

तेव्हां सिहोऱ्यासारख्या गांवानें आज काय करावें? मुंबईच्या बाजारांत नांव नोंदविण्याची घाई करण्याचें कारण नाहीं. परंतु त्या बाजाराचे जे तीन प्रश्न आहेत ते गांवांतल्या प्रत्येक मंडळानें, वाचनालयानें, बचतगटानें व मच्छीमार संस्थेनें आतांच स्वतःस विचारण्यासारखे आहेत. पैसा कोणत्या कामासाठीं घेतला? तो त्याच कामावर किती खर्च झाला? आणि ज्याच्यासाठीं घेतला त्याच्या घरीं काय पालटलें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मराठींत, एका कागदावर, वर्षांतून एकदां ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्यास कोणत्याहि कायद्याची, दलालाची किंवा खात्याची गरज नाहीं. ज्या संस्थेस ही संवय लागेल तिला पुढें मोठ्या न्यासाबरोबर जाणें सोपें होईल. आणि कधींच जावें लागलें नाहीं तरी तिच्यावरचा गांवाचा विश्वास वाढलेला असेल.

पैसा फंडास एक पैसा देणाऱ्या माणसानें तळेगांवची भट्टी बहुधा कधींच पाहिली नाहीं. आपला पैसा कांच करण्याच्या कामींच लागेल एवढ्या विश्वासावर त्यानें तो दिला. आजचा माणूस हजार रुपये देतांना तोच विश्वास पत्रकांत व अहवालांत लिहून मागतो, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. गांवें मोठीं झालीं, माणसें दूर गेलीं, तेव्हां तोंडच्या शब्दाची जागा लेखानें घ्यावयाचीच. मात्र तो लेख मुंबईंत जितका वाचला जाईल तितकाच सिहोऱ्याच्या तलावाकांठींहि वाचतां आला पाहिजे, त्याच्या भाषेंत आणि त्याच्या डोळ्यांदेखत.